सूपभर कोंड्याला घेतलेल्या पोराबाबत

ठिकाण: पोलीस चौकी, रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. दिनांक १४ ऑक्टोबर १९५९.

जबाब देणार: मनुबाई भ्रतार चांगदेव घरत. वय: छत्तीस, सोबत आलेल्या सोनाबाईच्या मते चाळीस. धंदा: भातशेती व भात कांडणे. राहणार: रेवदंडा, खाडीच्या वाटेवर.

मी चौकीत माझ्या पायांनी आले असून, विचारले जाईल त्याचे खरे उत्तर देते. मला कोणी पकडून आणलेले नाही, हे सगळ्यात आधी लिहावे. हवालदार बाळाजी माझे बोलणे सरकारी भाषेत लिहून घेत आहेत. जिथे सरकारी भाषा पुरणार नाही तिथे माझी ठेवायची, असे आमच्यात ठरले आहे.

मी वर लिहिलेल्या ठिकाणी पती चांगदेव यांच्यासह राहते. घरची थोडी शेती आहे, मागीलदारी उखळ आहे, विहीर आहे, नारळाची पाच झाडे आहेत. मला तीन मुले झाली. तिन्ही नाहीत. हवालदारांनी नावे विचारली. दोघांची नावे ठेवायची राहिली, तिसरीचे हौसा होते. एवढे लिहून पुढे जावे.

चांगदेवचा मावसभाऊ रामचंद्र हा लोखंडाच्या खाणीवर कामाला म्हणून गोव्यात गेला आणि तिकडेच राहिला. गोवा म्हणजे पोर्तुगिजांचे राज्य, म्हणजे परदेश, हे मला आमच्या पोलीस पाटलांनी सांगितले तेव्हा कळले. मी समजत होते वेंगुर्ल्याच्या पुढचे गाव असेल. रामचंद्राची बायको धाकट्याच्या बाळंतपणात गेली. मागे चार मुलगे आणि रामचंद्राची आई सोनाबाई. धाकट्याचे नाव रतन. तो दोन वर्षांचा झाला तेव्हा रामचंद्राने निरोप धाडला, की वहिनी, हा तुम्ही दत्तक घ्या, आईच्याने आता चौघांच्या मागे धावणे होत नाही. त्याच निरोप्याबरोबर सोनाबाईने आपला वेगळा निरोप धाडला, की मी बाई बघितल्याबगर पोर देणार न्हाय.

त्यावरून मी व चांगदेव परवाना काढून गोव्यात गेलो. तिथे सोनाबाईने माझी परीक्षा घेतली. परीक्षा कसली, असे विचारल्यावरून सांगते. तिने मला उजेडात उभे करून माझे दात बघितले. मी घोरते का ते बघायला ती माझ्या उशाशी बसून राहिली, आणि तिथे तिला झोप लागून तीच घोरली. पोराची पेज तिने माझ्या हातात दिली, त्यात मुद्दाम मूठभर मीठ घातले होते. मी आधी बोटाने चाखली आणि तोंड वाकडे केले. सोनाबाई म्हणाली, "चाखल्याबगर भरवली असतीस तर आजच्या आज वाटेला लावली असती." चांगदेवची परीक्षा वेगळी होती. पोर त्याच्या खांद्यावर बसवून, ते खांद्यावर मुतले तरी तो हलतो का, ते बघितले. तो हलला नाही. नंतर मला म्हणाला की त्याला कळलेच नव्हते.

त्यानंतर भटजींच्या समोर रामचंद्राने पोर माझ्या ओटीत घातले. ते रीतसर झाले, चार माणसे हजर होती. रामचंद्राने आमच्याकडून काही घेतले नाही. मी सोनाबाईसाठी एक लुगडे नेले होते, तेही तिने माझ्या पिशवीत परत कोंबले. म्हणाली, "पोर देऊन लुगडं घेतलं तर लोक म्हणतील म्हातारीनं लुगड्यावर नातू इकला." रामचंद्र तेवढा वेळ गोठ्यात जाऊन उभा होता. बैल नव्हता गोठ्यात, तरी उभा होता.

निघताना सोनाबाईने विचारले, विहिरीला कठडा हाय का. मी न्हाय म्हटले. त्यावर ती आत जाऊन आपले गाठोडे घेऊन आली आणि आमच्याबरोबर निघाली. कठडा बांधून झालेला डोळ्यांनी बघीन आणि मागल्या पावली परत येईन, असे तिने रामचंद्राला सांगितले. नाक्यावर पाखल्याने, म्हणजे पोर्तुगीज शिपायाने, दुभाष्याला पुढे करून पोराला विचारले की तुझी आई कोण. पोराने त्या शिपायाकडेच बोट दाखवले. शिपाई लाजला आणि त्याने आम्हांला सोडले.

आम्ही वैशाखात घरी पोचलो. आता दिवाळी आली. सोनाबाई अजून आमच्याकडेच आहे.

या दत्तकात तुमचा खर्च काय झाला, असे फौजदार साहेबांनी आतल्या खोलीतून विचारल्यावरून सांगते. विहिरीला चिऱ्याचा कठडा बांधला. सोनाबाईने तो चढून बघितला व आणखी एक थर घालायला लावला. आता मला पोहऱ्याने पाणी काढायला पाटावर उभे राहावे लागते. माळ्याची शिडी कापून निम्मी केली, त्यामुळे माळ्यावर पोर चढू शकत नाही आणि आम्हीही चढू शकत नाही. मांजर पोराकडे टक लावून बघते म्हणून ते माझ्या बहिणीकडे थळला पाठवले. पोराच्या डोक्यात पडतील म्हणून पाचही झाडांचे नारळ कोवळे असताना उतरवले. चांगदेव झाडावर होता तेव्हा सोनाबाई खालून सांगत होती की तो बी पड, तो बी पड. एक नारळ तिच्या पायाजवळ पडला, त्याचा दोष चांगदेववर आला. तेव्हापासून तो शेतावरच्या खोपीत झोपतो व जेवायला येतो. आज तो इथे नाही त्याचे कारण तेच. साहेबांनी सांगितले की खर्च म्हणजे मी तसा विचारत नव्हतो. मी म्हटले, दुसरा झाला न्हाय.

आता कोंड्याचे सांगते.

आम्ही पोर घेऊन घरी आलो त्याच दिवशी शेजारीण कोकिळा उंबऱ्यात येऊन उभी राहिली व म्हणाली, "मनू, ह्या घरात पोर असं सरळ आणू नको." कोकिळाची सात मुले आहेत, सगळी जिवंत, सगळी माझ्या अंगणात. तिचे म्हणणे मला पटले. ज्या घरात मुले टिकत नाहीत त्या घरातले पोर आधी दुसऱ्या बाईला द्यायचे आणि तिच्याकडून सूपभर कोंड्याला विकत घ्यायचे, म्हणजे ज्याचा डोळा असेल त्याला वाटते की कोंड्याच्या भावाने आलेले पोर, याला नेऊन काय करायचे. ही रीत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हवालदारांना पण माहीत आहे, ते मान हलवत आहेत.

त्याप्रमाणे पोराला कोकिळाकडे दिले. कोकिळा बाजारात भाजी विकते. तिला रीत म्हणून भाव सांगायचा होता, पण सवयीने ती दोन सुपे म्हणाली. मी एक म्हटले. ती म्हणाली, पोर वजनदार हाय, दोनच्या खाली परवडत न्हाय. मी म्हटले, अगं बाई, भाव चढवलास तर पोर किमती ठरंल, मग रीत कशाला करायची. ती म्हणाली, गिऱ्हाईक असंच बोलतं. आळीतली माणसे जमली. कोणी माझ्या बाजूने बोलले, कोणी तिच्या. सोनाबाई तिच्या बाजूने बोलली, नातवाचा भाव पडतो हे तिला सोसले नाही. शेवटी पोर कोकिळाच्या खांद्यावर झोपले व तिचा हात अवघडला, तेव्हा एका सुपावर सौदा पटला. कोंडा तिच्या म्हशीने खाल्ला. पोराचे रतन हे नाव त्या दिवसापासून बंद केले, कारण रतन म्हटल्यावर कोणाचेही लक्ष जाईल. त्याचे नाव कोंडाजी ठेवले. सोनाबाई त्याला अजून रतनच म्हणते. पोरही रतनलाच ओ देते. मी कोंडाजी म्हणून हाक मारली तर इकडेतिकडे बघते, जसे काय आणखी कोणी आले आहे. सोनाबाई म्हणते, तुझ्या हाकेला ओ देईल त्या दिवशी मी माझं गाठोडं बांधते.

या रीतीत एक अट आहे. कोणीही विचारले, पोर कुठून आणले, तर विकत घेतले असे स्पष्ट सांगायचे. एकदा जरी नाही म्हटले तरी सौदा मोडला. मी आजवर मास्तरांना, पोस्टमनला आणि कल्हईवाल्याला हेच सांगितले आहे.

आज इथे यायचे कारण असे, की गोव्याहून आलेल्या माणसांची वर्दी चौकीत द्यावी लागते असे पोलीस पाटील परवा म्हणाले. म्हणून मी दोन्ही परदेशी माणसे घेऊन वर्दी द्यायला आले. एक सोनाबाई, बाकावर बसली आहे. दुसरा कोंडाजी, वय अडीच, टेबलाखाली आहे. हवालदारांनी विचारले, पोर कुठून आणलंत. मी म्हटले, इकत घेतलं, सूपभर कोंड्याला. हवालदार हसले. पण फौजदार साहेब आतून बाहेर आले. ते नवीन आहेत, कोल्हापूरकडचे. दारावरच्या पाटीवर के. बी. मोरबाळे लिहिले आहे असे हवालदारांनी मला वाचून सांगितले.

साहेब म्हणाले, "बाई, सन छप्पन्नचा नवा कायदा आहे. दत्तकासाठी कुणी काही दिलं किंवा घेतलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होते. मुलांचा बाजार होऊ नये म्हणून केलाय. आणि तुम्ही चौकीत येऊन सांगताय, विकत घेतलं."

मी म्हटले, "व्हय साहेब."

"म्हणजे रीत म्हणून. खरं विकत नाही घेतलं."

"खरंच इकत घेतलं."

साहेब चिडले नाहीत, हे लिहावे. त्यांनी मला खुर्ची दिली. ते म्हणाले, तुम्हांला वाचवायला बघतोय, एक ओळ लिहून मोकळे होऊ. त्यांनी हवालदारांना सांगितले, लिहा, सदर बालक विकत घेतलेले नाही. हवालदारांनी 'सदर बालक' एवढे लिहिले तेव्हा मी कागदावर हात ठेवला. वरच्या बाजूला जो शाईचा डाग आहे तो माझ्या तळव्याचा आहे. हवालदारांची चूक नाही.

मी साहेबांना जे बोलले ते माझ्याच भाषेत ठेवावे. मी म्हटले, "साहेब, तो तीनदा येऊन गेलाय माझ्या घरी. त्याला वाट पाठ हाय. त्याला मी पाच महिनं सांगतेय की हे पोर कोंड्याचं हाय, काय कामाचं न्हाय. आणि आज सरकारनं लिवून ठेवायचं की मनुबाई खोटं बोलते? तुमी मला सहा महिनं आत ठेवा. भात असलं तर तेबी कांडीन. पण पोर इकत घेतलं न्हाय असं माझ्या तोंडातून यायचं न्हाय. मला भ्या वाटतंय साहेब. दुसरं काय न्हाय."

त्यावर सोनाबाई बाकावरून म्हणाली, "घाला तिला आत. पोराला मी बघते, न्हायतरी मीच बघते." मग म्हणाली, "पण तिनं आमाला काय दिलं असं लिवू नका. लुगडं मी माझ्या हातानं परत कोंबलंय. ती बाई चाखून भरवते."

साहेबांनी मला विचारले, अशी नावं तुमच्याकडे बरीच ठेवतात का. मी म्हटले, "पुष्कळ. कोंड्याला घेतलं तर कोंडाजी. दगडाच्या भावानं घेतलं तर दगडू. उकिरड्यावर केरात टाकून शेजारणीनं उचलून आणलं तर केरबा. देशावर तर केरबा फार, असं ऐकते. ज्याची आई भ्याली असंल त्याचं नाव असलंच असणार, साहेब. नावावरून आईचं काळीज समजतं."

हवालदार दौतीत बघत राहिले. साहेबांनी पाणी मागवले. पाणी पिऊन झाले तरी ते तांब्या हातात धरून बसले होते. मला वाटले आता मला आत घालणार, म्हणून मी सोनाबाईला पेजेत मीठ किती घालायचे ते सांगायला लागले. ती म्हणाली, मला शिकवू नको.

मग साहेब म्हणाले, "तो कोंडा. बाजारात न्यायचा म्हटलं तर काय येईल त्याचं?"

मी म्हटले, "काय न्हाय येणार. कोंडा कोण इकत घेतो? कांडणारी असाच देऊन टाकते."

"म्हणजे त्याला मोल नाही."

"काय न्हाय."

"आणि पोराला?"

साहेबांनी हे विचारले तेव्हा ते खिडकीकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर तोंड करून म्हटले, "काय न्हाय साहेब. कवडीचं मोल न्हाय. नाक गळतं त्याचं. भात खाल्ला तर निम्मा सांडतो. पाय बी जरा वाकडे हायत."

सोनाबाई उठून माझ्या अंगावर आली, माझ्या रतनला नावं ठेवते म्हणून. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आले. तीही खिडकीपाशी आली व म्हणाली, "कान बी बघा कसले ते, सुपाएवढे." मग आम्ही दोघींनी मिळून पोराचे सगळे दोष सांगितले. दोन-चार नसलेलेही सांगितले. पाच महिन्यांत आमचे एकमत झालेले हे पहिलेच.

साहेबांनी हवालदारांना पुढीलप्रमाणे मजकूर सांगितला व मी तो माझा म्हणून कबूल करते: दत्तक देणाऱ्या रामचंद्र यास अगर त्याच्या घरच्यांस काहीही दिलेले नाही. त्यानंतर सदर बालक शेजारीण कोकिळा हिच्याकडून सूपभर कोंड्यास रीतीप्रमाणे विकत घेतले. कोंड्यास मोल नाही. बालकासही मोल नाही. सबब या सर्व व्यवहारात मोलाची कोणतीही वस्तू कोणीही कोणास दिली अगर कोणाकडून घेतली नाही.

मी यावर सरकारी शिक्का मागितला. साहेब म्हणाले, जबाबावर शिक्का मारायची पद्धत नाही. मी म्हटले, माझा शब्द तो ऐकतो की न्हाय कोण जाणे, पण सरकारला तो बी भीत असंल. साहेबांनी शिक्का मारला. नीट उमटला नाही म्हणून परत मारला.

जबाब मला हवालदारांनी वाचून दाखवला. मी खिडकी पूर्ण उघडायला लावून तो दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायला सांगितला, तेव्हा तो साहेबांनी स्वतः उभे राहून वाचला. रस्त्यावरून सुकटीच्या पाट्या घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. "कोंडाजी चांगदेव घरत यास कवडीचेही मोल नाही," असे साहेबांनी मोठ्याने म्हटले, तेव्हा टेबलाखालून आवाज आला, "ओ."

मी खाली वाकून बघितले. त्याने साहेबांच्या बुटाची नाडी सोडली होती. मी म्हटले, कोंडाजी. तो परत म्हणाला, ओ.

मी सोनाबाईकडे बघितले. ती पदराने डोळे पुसत होती. मी तिला गाठोड्याची आठवण करून दिली नाही. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "कोकिळाच्या म्हशीची शिंगं बघायची राहिलीत. पोर त्या गोठ्यात जातं." तरी सदर परदेशी बाईस म्हशीची शिंगे बघून होईपर्यंत, व त्यानंतर जे काही बघायचे निघेल ते बघून होईपर्यंत, माझ्या घरी राहू द्यावे अशी माझी विनंती आहे. ही विनंती मी कोणाच्या दबावाखाली करत नाही, जरी ती माझ्या शेजारीच उभी आहे.

वरचे सगळे माझे बोलणे आहे. ते मी ऐकले, सोनाबाईने ऐकले, रस्त्याने ऐकले आणि ज्याला ऐकवायचे होते त्यानेही ऐकले असेल. मजकूर बरोबर आहे. पोराला मोल नाही हे तर अगदी बरोबर आहे, ते कोणी खोडू नये.

मनुबाई भ्रतार चांगदेव घरत हिच्या डाव्या हाताचा अंगठा.

लिहून घेणार: बाळाजी, हवालदार.

शेरा: साहेब एरवी कागदांवर के. बी. मोरबाळे अशी सही करतात. या कागदावर त्यांनी पूर्ण नाव लिहिले आहे व ते जबाब देणारीस मोठ्याने वाचून दाखवावे असे मला सांगितले. त्याप्रमाणे वाचले.

समक्ष: केरबा बाबू मोरबाळे, फौजदार.